बीजाणू, कॅल्शियम आणि पेशीविभाजन: या चुका टाळा

बुरशीच्या बीजाणूतून वाढताना बाहेर पडणारी अंकुरनळी उशिरा फुटली म्हणजे पेशीविभाजन अडलं, असं समजणं ही पहिली चूक. मीही सुरुवातीला नळ्याच मोजत बसायचो. अस्परजिलस निडुलान्स या बुरशीच्या बीजाणूत एकच केंद्रक असतं आणि ते जी१ टप्प्यात, म्हणजे डीएनए दुप्पट होण्याआधीच्या टप्प्यात, थांबलेलं असतं. पोषण मिळालं की बीजाणू फुगतो, डीएनए दुप्पट होतो, केंद्रक दुभंगतं, नळी फुटते. पण ही सगळी कामं एकाच दोरीला बांधलेली नाहीत. केंद्रक दुभंगायला लागणाऱ्या निम-ए जनुकात बिघाड असलेला तापसंवेदी (जास्त तापमानालाच बिघाड दिसणारा) वाण ४२ अंश सेल्सिअसला वाढवून पाहा. नळी लांबत जाते, आत केंद्रक मात्र एकटंच! म्हणून दर अर्ध्या तासाला बीजाणू वाढवलेली एक कव्हरस्लिप (पातळ काच) उचला, डीएनएला चिकटून चमकणाऱ्या डॅपी या रंगाने रंगवा आणि केंद्रकं मोजा: एक, दोन, चार. थरथरत्या हातांनी केलेली ही मोजणीसुद्धा नळीच्या अंदाजापेक्षा खरी.

दुसरी चूक ईजीटीएची, म्हणजे कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या रसायनाची. ‘ईजीटीए टाकलं, कॅल्शियम गेलं’ इतकं ते सोपं नाही. कॅल्शियम पकडताना ते प्रोटॉन सोडतं, त्यामुळे माध्यमाचा पीएच घसरतो. आणि पीएच एका अंकाने घसरला की ईजीटीएची कॅल्शियमवरची पकड सुमारे शंभर पटीने सैल होते. बीजाणू अडले ते कॅल्शियमअभावी की आम्लामुळे, हे मग कोण सांगणार? ईजीटीए टाकल्यावर पीएच पुन्हा जुळवा. दुसऱ्या फ्लास्कमध्ये ईजीटीएसोबत जादा कॅल्शियम घाला. विभाजन पूर्ववत झालं तरच कॅल्शियमचं नाव घ्या. शिवाय ईजीटीए पेशीबाहेरच राहतं, आतल्या साठ्यांना ते थेट हात लावत नाही.

कॅल्शियमवर चालणाऱ्या सगळ्या एन्झाइम्सना एकाच माळेत ओवू नका. कॅलमोड्युलिन हे प्रथिन चार कॅल्शियम आयन धरतं आणि परस्परविरुद्ध कामं करणाऱ्या एन्झाइम्सना जागं करतं: कायनेज इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं, कॅल्सिन्युरिन ते काढतं. निडुलान्समध्ये सीएमके-सी हे कायनेज सीएमके-बीला चालना देतं; ही जोडी बिघडली की पहिलं विभाजन लांबतं. कॅलमोड्युलिनच रोखणारं डब्ल्यू-७ हे रसायन वापरून ‘कायनेजमुळे झालं’ असं लिहिणं म्हणजे मेन स्विच बंद करून पंख्याला दोष देणं. कॅल्सिन्युरिन रोखायला एफके५०६ आणि सायक्लोस्पोरिन दोन्ही वापरून पाहा. ही औषधं वेगवेगळ्या प्रथिनांना धरून त्याच एन्झाइमवर बसतात, त्यामुळे निकाल जुळला तर भरवसा वाढतो.

एएलसी-ए प्रमोटरखाली (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली) जनुक ठेवलं असेल तर ग्लुकोजने ते बंद होतं. पण बीजाणू तयार झाले तेव्हा जनुक चालू होतं ना? मग आधीचं प्रथिन आत शिल्लक असू शकतं, आणि पहिलं विभाजन त्यावरच निभावून जातं.