पियानो लॅपटॉपला जोडला की पेडल का चालत नाही?

वन रूम किचनमध्ये, भिंतीपलीकडे शेजारच्यांचं बाळ झोपलेलं असताना रियाज करायचा, तर डिजिटल पियानो, लॅपटॉप आणि हेडफोन एवढीच सोय मुंबईत बहुतेकांना परवडते. जोडणी होते, पट्ट्या दाबल्या की लॅपटॉपमधून सूरही येतात. पण पेडल दाबलं तरी सूर लांबत नाही, सगळं तुटक वाजतं. मग बहुतेक जण आधी नवं पेडल घेतात. माझं कळकळीचं सांगणं, ते सगळ्यात शेवटी करा. पेडलकडून पियानोकडे, पियानोकडून लॅपटॉपकडे आणि तिथून सॉफ्टवेअरकडे असा संदेशाचा प्रवास असतो. तो नेमका कुठे अडतोय, हे आधी शोधायचं.

सुरुवात अशी करा: यूएसबी केबल काढून बाजूला ठेवा आणि पियानो नुसता वाजवून बघा. त्याच्या स्वतःच्या आवाजात पेडल चालत नसेल, तर लॅपटॉपचा काही दोष नाही. पियानो बंद करा, पेडलची पिन पूर्ण बाहेर काढा आणि पुन्हा सरळ आत ढकला, शेवटी हाताला हलकासा ‘टच्’ जाणवेपर्यंत. हेडफोनचं भोकही बरेचदा त्याच मापाचं, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे पिन चुकून तिथे गेलेली नाही ना, तेही बघा. समुद्राजवळच्या घरांत पावसाळ्यानंतर पिनेवर काळपट थर दिसतो. माझ्या पेडलची पिन तर एका ऑगस्टमध्ये इतकी काळवंडली होती की तीन-चारदा दाबल्यावर एकदा सूर लांबायचा. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. तो कापडावर थोडासा मारून पिन पुसली आणि पेडल पूर्ववत झालं. फवारा थेट पियानोत मारू नका.

कधी उलटंच घडतं: पाय उचलला की सूर रेंगाळतो, दाबला की थांबतो. माझ्या भाचीच्या बाबतीत हे रोज व्हायचं. शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं, खुर्चीत बसताच तिचा पाय सवयीने पेडलवर जायचा आणि मग ती पियानो चालू करायची. काही पेडलांत दाबल्यावर विजेचा मार्ग जुळतो, काहींत तो तुटतो. बरेच पियानो सुरू होताना पेडल ज्या स्थितीत असेल तीच ‘मोकळी’ स्थिती धरतात. म्हणून आधी पेडल जोडायचं, पाय बाजूला ठेवायचा, मगच पियानो चालू करायचा. तिला एवढंच सांगितलं आणि तक्रार संपली.

नुसत्या पियानोवर पेडल नीट चालत असेल, तर आता यूएसबी जोडा. लॅपटॉपमधून सूर येतच असतील, तर केबलवर शंका घ्यायचं कारण नाही. पियानो लॅपटॉपला आवाज नव्हे, आकड्यांतले संदेश पाठवतो, त्या पद्धतीला मिडी म्हणतात. हे संदेश बघायला विंडोजवर मिडी-ऑक्स किंवा मॅकवर मिडी मॉनिटर हा प्रोग्रॅम उघडा, दोन्ही फुकट मिळतात. पेडल दाबा. कंट्रोलर क्रमांक ६४, म्हणजे पेडलचा ठरलेला क्रमांक, आणि त्यापुढे १२७ ही किंमत दिसायला हवी, सोडलं की ० दिसायला हवा. मिडीच्या नियमानुसार या दुसऱ्या आकड्याची ६३ पर्यंतची किंमत म्हणजे पेडल सोडलेलं आणि ६४ पासून पुढे दाबलेलं. मधले आकडे न येता थेट ० आणि १२७ येत असतील, तर घाबरू नका, साधं स्विचवालं पेडल असंच असतं. पट्ट्यांचे आकडे येतात आणि कंट्रोलर ६४ मात्र येतच नाही, असं असेल तर पियानोच्या मेनूमध्ये पेडलला दुसरं काम दिलंय का ते तपासा.

आकडे येतात आणि तरी सूर लांबत नाही, म्हणजे दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. आधी मॉनिटरचा प्रोग्रॅम बंद करा. विंडोजवर अनेकदा एका वेळी एकाच प्रोग्रॅमला पियानो मिळतो, म्हणून तो उघडा राहिला तर सॉफ्टवेअरला पियानो दिसणारच नाही. मग सॉफ्टवेअरमधलं पेडलचं सेटिंग कंट्रोलर ६४ वरच आहे ना आणि निवडलेलं वाद्य पेडल मानतं ना, ते बघा. ऑर्गनसारख्या आवाजांत पेडलचा परिणाम अनेकदा वेगळा असतो. पियानोचा स्वतःचा आवाजही या वेळी शून्यावर आणा, किंवा लोकल कंट्रोल, म्हणजे पट्ट्यांनी पियानोचा स्वतःचा आवाज वाजवणारं सेटिंग, बंद करा. नाहीतर दोन्हीकडचे सूर मिसळतात आणि आपण नेमकं कुठलं ऐकतोय तेच कळत नाही. पियानो दोन भागांत विभागून वाजवत असाल तर दोन हातांचे मिडी चॅनेल, म्हणजे संदेशांचे मार्ग, वेगळे असू शकतात, त्यामुळे तपासणीपुरती ती विभागणी बंद ठेवा.

रेकॉर्डिंग थांबवताना पाय पेडलवरच राहिला, तर १२७ नोंदला जातो आणि ० नोंदलाच जात नाही. मग पुन्हा ऐकताना सूर लोंबकळत राहतात. अशा वेळी पेडल एकदा दाबून सोडा आणि रेकॉर्डिंगच्या शेवटी ० ची नोंद घाला.

पिन नीट बसवून, पुसूनही नुसत्या पियानोवर पेडल चालत नसेल, तर मात्र पेडल बदलायची वेळ आली. दुकानात जाताना पियानोचा मॉडेल नंबर लिहून न्या आणि पोलॅरिटी, म्हणजे दाबल्यावर विजेचा मार्ग जुळावा की तुटावा हे, बदलायचं बटण असलेलं पेडल मागा.