तिकीट काढण्याआधी परतीचं बघा

एका कंपनीत परदेशी कर्मचाऱ्यांच्या व्हिसाच्या फायली सांभाळणं हे माझं काम. मला विचारले जाणारे प्रश्न बहुतेक पहिल्या प्रवेशाचे असतात. व्हिसा कधी मिळेल, कार्ड यायला किती वेळ लागेल, बायकोला नोकरी करता येईल का. एकदा माणूस तिथं रुळला, मुलं शाळेत जायला लागली, की हा विषय डोक्यातून जातो. मग सुट्टी लागते किंवा घरी कुणीतरी आजारी पडतं आणि घाईत तिकीट निघतं. मला खरी काळजी वाटते ती या तिकिटाची. राहण्याची परवानगी आणि बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी या बऱ्याच देशांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली दुसरी पुष्कळदा देशात असतानाच मिळवावी लागते. विमानात बसल्यावर तो मार्ग बंद झालेला असतो.

आधी चार तारखा लिहून काढा

घरातल्या प्रत्येक माणसासाठी चार तारखा एका कागदावर लिहा: पासपोर्ट कधी संपतो, त्यातला व्हिसा कधी संपतो, राहण्याचा परवाना किंवा कार्ड कधी संपतं, आणि मागच्या प्रवेशाच्या वेळी तुम्हाला कुठल्या तारखेपर्यंत राहू दिलं आहे. चारही तारखा जुळणं दुर्मीळच.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असू शकतो, पण एका खेपेला किती राहायचं ते आय-९४ ही नोंद ठरवते आणि ती बहुधा सहा महिन्यांची असते. नोकरदारांचं उलट होतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाच्या पासपोर्टातला व्हिसाचा स्टॅम्प संपला तरी कंपनीची मंजुरी आणि आय-९४ चालू असेल तर त्याला तिथं राहायला, काम करायला अडचण नाही. मात्र तो देशाबाहेर पडला की परतण्यासाठी नवा स्टॅम्प हवा, आणि त्यासाठी दूतावासाची अपॉइंटमेंट हवी. म्हणून अपॉइंटमेंट आधी आणि तिकीट नंतर, हा क्रम मी कुणालाही मोडू देत नाही. कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन यायचं असेल तर बहुतेकांना संपलेल्या स्टॅम्पवरही परत येता येतं. पण त्या फेरीत तिथं नव्या व्हिसासाठी अर्ज केलात तर ही सवलत मिळत नाही.

पासपोर्टच्या तारखेकडे लोक सगळ्यात कमी बघतात. तो लवकर संपत असेल तर अमेरिकेत प्रवेश करताना अधिकारी आय-९४ ची मुदत पासपोर्टच्या मुदतीपाशीच थांबवू शकतो, मंजुरी पुढच्या दोन वर्षांची असली तरी. मुलांचे पासपोर्ट मोठ्यांपेक्षा लवकर संपतात, त्यामुळे एकाच घरात आईवडिलांची तारीख एक आणि मुलाची दुसरी, असं सर्रास होतं. बाहेर जायचंच असेल तर आधी मुलाचा पासपोर्ट नवा करून घ्या.

नवा पासपोर्ट आल्यावर जुना टाकून देऊ नका. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात चालू असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवून प्रवास करता येतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात आता व्हिसाची नोंद डिजिटल आहे आणि ती पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेली असते. ब्रिटनच्या ई-व्हिसासाठी यूकेव्हीआय या व्हिसा विभागाच्या ऑनलाइन खात्यात आणि ऑस्ट्रेलियासाठी इमीअकाउंट या ऑनलाइन खात्यात प्रवासाला निघण्याआधी नवा क्रमांक नोंदवा. नाहीतर चेक-इनच्या काउंटरवर तुमच्या नावापुढे व्हिसा दिसतच नाही.

काउंटरवरचा माणूस का अडवतो

पुष्कळांना वाटतं की प्रश्न विचारायचे ते इमिग्रेशनचा अधिकारी विचारेल, त्याला समजावून सांगू. पण त्याच्यापर्यंत पोचण्याआधी विमान कंपनीचा काउंटर लागतो. योग्य कागदांशिवाय प्रवासी नेला तर दंड कंपनीला होतो. म्हणून ते लोक टिमॅटिक या आयएटीएच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) यंत्रणेत तुमचं राष्ट्रीयत्व, कार्ड आणि मार्ग टाकून तपासतात. तिथं नियम बसला नाही तर तुमची बाजू कितीही खरी असली तरी बोर्डिंग पास मिळत नाही. तुमच्याकडे एखादा नेहमीपेक्षा वेगळा कागद असेल, म्हणजे मुदतवाढीचं पत्र किंवा तात्पुरता परवाना, तर त्यावर परत प्रवेश मिळतो असं सांगणारं सरकारी पान छापून जवळ ठेवा. वाटेतल्या देशाचंही बघा. राहण्याच्या वैध कार्डामुळे काही ठिकाणी ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, पण कार्ड संपलं की ही सूटही संपते.

ज्या देशांत निघतानाच परवानगी घ्यावी लागते

थायलंडमध्ये एक वर्षाची मुदतवाढ मिळालेली असली तरी रीएंट्री परमिट (परत येण्याचा परवाना) न घेता बाहेर पडलात की ती मुदत तिथंच रद्द होते. एका फेरीचं परमिट १,००० बाट, अनेक फेऱ्यांचं ३,८००. इमिग्रेशन कार्यालयात मिळतं, मोठ्या विमानतळांवर निघण्याच्या दिवशीही मिळतं, पण पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसण्याआधी. वर्षातून दोनदा जरी जाणार असाल तरी फेऱ्या मोजा. चौथ्या फेरीला अनेक फेऱ्यांचंच स्वस्त पडतं.

जपानने जुलै २०१२ पासून हे सोपं केलं. रेसिडेन्स कार्ड असेल आणि वर्षाच्या आत परतणार असाल तर निघताना भरायच्या छोट्या कार्डावर विशेष पुनर्प्रवेशाच्या चौकटीत खूण करायची, बस. पण ही एक वर्षाची मुदत बाहेरून वाढवता येत नाही, आणि तुमची राहण्याची मुदत आधी संपत असेल तर तीच शेवटची तारीख. जास्त काळ बाहेर राहायचं असेल तर निघण्याआधी रीतसर पुनर्प्रवेश परवाना काढा, तो जास्तीत जास्त पाच वर्षांचा मिळतो. त्या चौकटीत खूण केली की नाही हे पासपोर्ट परत हातात येताच तपासा. गर्दीत ते राहून जातं.

सौदीत नोकरी असेल तर एक्झिट-रीएंट्री आणि फायनल एक्झिट यांतला फरक नीट बघा. दुसऱ्याने तुमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवानाच संपतो. पहिल्याची मुदत परतीच्या तिकिटानंतर काही दिवस पुरेल अशीच घ्या, कारण फ्लाइट रद्द होतात.

अर्ज चालू असताना बाहेर जाणं

याबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण सर्वात जास्त नुकसान इथं होतं. जुना परवाना संपलाय, नवा यायचाय, मधल्या काळात राहायला परवानगी आहे. अशा वेळी माणूस निर्धास्त असतो. राहण्यापुरता तो बरोबरही असतो.

जर्मनीत या मधल्या काळासाठी एक तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, फिक्झिऑन्सबेशायनिगुंग. त्यावर छोट्या चौकटी असतात आणि त्यातल्या एकीत खूण असते. रेसिडेन्स कायद्याच्या ८१ व्या कलमातल्या चौथ्या उपकलमासमोर खूण असेल तर तुमचा जुना परवाना चालू धरला जातो आणि तुम्ही बाहेर जाऊन परत येऊ शकता. तिसऱ्या उपकलमासमोर असेल तर जर्मनीत राहा, पण बाहेर पडलात तर त्या कागदावर परत येता येणार नाही. कागद तोच, रंग तोच, फरक एका खुणेचा. माझ्याकडे कुणी हे प्रमाणपत्र आणलं की मी नावाआधी ती चौकट बघते.

फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा व्हीएलएस-टीएस व्हिसा पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन नोंदवून वैध करावा लागतो. तो केला नाही तर स्टिकरवर वर्षभराची तारीख असूनही तुमचा मुक्काम बेकायदा ठरतो, आणि बाहेर पडल्यावर परतीचा हक्क राहत नाही.

अमेरिकेत ग्रीन कार्डाचा अर्ज देशातूनच केला असेल आणि तो प्रलंबित असताना अॅडव्हान्स परोल (म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता बाहेर गेलात, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. वैध एच-१बी किंवा एल-१ (कंपनीने बदली करून पाठवलेल्यांचा व्हिसा) वर जाऊन त्याच दर्जावर परतणाऱ्यांना यातून सूट आहे. विद्यार्थी, पर्यटक व्हिसावरचे जोडीदार यांना ती नाही. घरी कुणी अत्यवस्थ असेल तर तातडीच्या परोलसाठी यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या स्थानिक कार्यालयात अपॉइंटमेंट मागता येते. हॉस्पिटलचं पत्र आणि तिकीट दाखवावं लागतं. आई आयसीयूत असताना फॉर्म भरायला बसणं किती क्रूर वाटतं ते मला माहीत आहे, मी अशा माणसांच्या शेजारी बसून ते फॉर्म भरलेत. तरीही सांगते, ते दोन तास द्या. मागे तुमची मुलं त्याच देशात शाळेत असतात.

आणि मुदतीपेक्षा जास्त राहणं झालंच असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय बाहेर पडू नका. अमेरिकेत १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा मुक्काम झाला तर बाहेर पडल्यावर तीन वर्षांची प्रवेशबंदी लागते, वर्षभर किंवा त्याहून जास्त झाला तर दहा वर्षांची. ती बंदी सुरू होते ती बाहेर पडण्यानेच.

फार दिवस बाहेर राहिलं तर

कायमचा परवाना मिळाला की लोक त्याला खरोखर कायमचा समजतात. जर्मनीत साध्या परवान्यावर सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तो आपोआप संपतो. ब्लू कार्डला, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्याला, बारा महिने मिळतात. जास्त वेळ लागणार असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाकडून निघण्याआधी लेखी मुदत घ्या. अमिरातीत सलग १८० दिवस बाहेर राहिलं की नेहमीचा रेसिडेन्सी व्हिसा जातो, गोल्डन व्हिसा जात नाही. ब्रिटनमधला कायमचा परवाना सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिल्यावर संपतो.

ग्रीन कार्डवाल्यांनी एक वर्षाची रेघ लक्षात ठेवावी. त्यापेक्षा जास्त थांबायचं असेल तर फॉर्म आय-१३१ भरून रीएंट्री परमिट घ्या. अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा, बोटांचे ठसे द्यायचे आणि मग निघायचं; परमिट बहुधा दोन वर्षांचं असतं. वर्षाच्या आत परतलात म्हणजे सगळं ठीक असंही नाही. सहा महिन्यांपुढची गैरहजेरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात प्रश्न उभे करते, आणि दर वर्षी काही आठवडे तोंड दाखवून परत जाणाऱ्याला अधिकारी विचारतोच की तुमचं घर नेमकं कुठं आहे.

कॅनडाचा हिशेब वेगळा आहे. तिथले कायमचे रहिवासी (पीआर) असाल तर पाच वर्षांत ७३० दिवस तिथं राहायचं, सलग असो वा तुकड्यातुकड्याने. कॅनेडियन नागरिक असलेल्या जोडीदारासोबत बाहेर काढलेले दिवसही त्यात धरतात. पीआर कार्ड बाहेर असताना संपलं किंवा हरवलं तरी पीआरचा दर्जा जात नाही, पण विमानात बसायला पीआरटीडी हा प्रवासाचा कागद कॅनडाच्या व्हिसा कार्यालयाकडून काढावा लागतो. ऑस्ट्रेलियातही तसंच. राहण्याचा हक्क कायमचा असतो, ये-जा करण्याची सोय सहसा पाचच वर्षांची. ती संपली की रेसिडेंट रिटर्न व्हिसा लागतो, आणि मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं तिथं काढली असतील तर तो सहज पाच वर्षांचा मिळतो. बाहेर पडण्याआधीच अर्ज केलात तर झोप नीट लागेल.

दिवस मोजण्याच्या रीती

शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस हा नियम सर्वांना पाठ असतो, पण त्याची खिडकी रोज पुढे सरकते हे ध्यानात येत नाही. लीप वर्ष नसताना १ जानेवारीला शिरलात आणि ३१ मार्चला बाहेर पडलात की ९० दिवस संपले. पुन्हा शिरता येईल ३० जूनला. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. एका देशाचा परवाना असेल तर त्या देशातले दिवस यात येत नाहीत, मात्र बाकीच्या सगळ्या शेंगेन देशांतले मिळून ९० च. सीमेवर कुणी पासपोर्ट बघत नाही म्हणून दिवस मोजले जात नाहीत असं समजू नका.

ब्रिटनमध्ये कायमच्या परवान्यासाठी पाच वर्षं मोजताना कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही, पण तिथं पूर्ण दिवसच गैरहजेरीत धरतात, निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस सोडून. कॅनडात उलट, थोडा वेळ जरी देशात होतात तरी तो दिवस तुमच्या खात्यात जमा. म्हणून एका देशाच्या मित्राचा हिशेब दुसऱ्या देशात वापरू नका.

परत पोचल्यावर विमानतळ सोडण्याआधी शिक्का, तारीख आणि दर्जा वाचा. अमेरिकेत आय-९४ ऑनलाइन दिसते, ती त्याच संध्याकाळी डाउनलोड करा. चूक असेल तर डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात दुरुस्त होते. थायलंडमध्ये ९० दिवसांच्या पत्तानोंदणीची मोजणी नव्या प्रवेशापासून पुन्हा सुरू होते. आणि एक वही किंवा एक्सेल शीट ठेवा: गेल्याची तारीख, आल्याची तारीख, देश, कारण, शेजारी बोर्डिंग पासचा फोटो. स्वयंचलित गेट शिक्का मारत नाहीत, युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून ये-जा नोंदवणारी नवी ईईएस यंत्रणा अल्पमुदतीने येणाऱ्यांच्या शिक्क्यांची जागा घेऊ लागली. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा फॉर्म प्रत्येक फेरीची तारीख मागतो, आणि तेव्हा जुन्या ईमेलमध्ये तिकिटं शोधत बसण्यापेक्षा आजच मागच्या फेरीपासून सुरुवात करा.