पिंगमधला ‘शून्य टक्के लॉस’ वाचण्यापूर्वी

नेटवर्क सपोर्टमध्ये नव्याने लागलेल्यांना पिंग ही कमांड (दुसऱ्या यंत्राकडून उत्तर येते का ते तपासणारी) ठाऊक असतेच, त्यामुळे मी येथे तिच्या उत्तरातील एकाच ओळीविषयी लिहीत आहे. ती न वाचल्यामुळे माझी एक अख्खी रात्रपाळी वाया गेली.

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात एका शाखेतून सर्व्हरवरच्या फाइल उघडत नसल्याची तक्रार आली. मी तिथल्याच एका विंडोज संगणकाचा रिमोट घेऊन सर्व्हरला पिंग केले, शेवटी ‘सेंट ४, रिसीव्ह्ड ४, लॉस्ट ०’ पाहिले आणि नेटवर्क ठीक असल्याचे लिहून तिकीट (तक्रारीची नोंद) सर्व्हर टीमकडे पाठवून दिले. प्रत्यक्षात सर्व्हरची केबल स्विचमधून निघालेली होती. वरच्या चारही ओळींत ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.२५: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ (हव्या त्या यंत्रापर्यंत पोहोचता येत नाही) असे लिहिलेले होते आणि तो पत्ता सर्व्हरचा नव्हता, ज्या संगणकावरून मी पिंग करत होतो त्याचाच होता. एआरपीने (‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ असे स्थानिक नेटवर्कवर विचारण्याच्या पद्धतीने) विचारणा करूनही सर्व्हरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डचा पत्ता, मिळाला नाही, तेव्हा त्या संगणकाने स्वतःच तसे कळवले आणि विंडोजने तेही ‘मिळालेले उत्तर’ म्हणून मोजले.

म्हणून ‘रिप्लाय फ्रॉम’नंतरचा पत्ता आधी वाचा. तो गेटवेचा (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरचा) असेल, तर अडचण गेटवेच्या पुढे आहे. आयपीव्ही४ वर (वरच्यासारखे चार आकड्यांचे पत्ते असतात तिथे) खरे उत्तर आले असेल, तर त्याच ओळीत बाइट, वेळ आणि टीटीएल (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकते तो आकडा) हे तिन्ही दिसतात. टीटीएल नसेल, तर खालच्या टक्केवारीवर मुळीच विसंबू नका. बॅच फाइलमध्ये (कमांडची यादी असलेल्या फाइलमध्ये) एररलेव्हल, म्हणजे कमांड यशस्वी झाली का ते सांगणारा आकडा, तपासणारेही इथेच फसतात, त्यांनी आउटपुटमध्ये ‘टीटीएल=’ शोधावे.

‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ (वेळेत उत्तर आले नाही) असे दिसल्यावर मात्र घाबरून जाऊ नका. विंडोजचा फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही, आणि यंत्र व्यवस्थित चालू असते. अशा वेळी पॉवरशेलमधील (विंडोजच्या कमांड-खिडकीतील) टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडने हवा तो पोर्ट (सेवेचा क्रमांक), उदाहरणार्थ फाइल शेअरिंगचा ४४५, तपासावा.

‘८.८.८.८ ला (गुगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरला) पिंग गेले ना, मग नेट चालू आहे’ असे शिकवणारे सिनियर मला मुळीच पटत नाहीत. आधी स्वतःचा पत्ता, मग गेटवे, मग बाहेरचा पत्ता आणि शेवटी आकड्यांऐवजी संकेतस्थळाच्या नावाने पिंग, या क्रमाला दोन मिनिटे लागतात आणि दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे ते कळते. सुरुवातीला हे सारे गोंधळाचे वाटेल, पण महिनाभरात नजर आपोआप टीटीएलकडे जाऊ लागते. तोवर तिकिटात केवळ ‘पिंग ओके’ न लिहिता पूर्ण आउटपुट पेस्ट करा. त्या रात्री मी एवढे जरी केले असते, तरी सर्व्हर टीममधील कोणीतरी तो पत्ता पाहून मला लगेच फोन केला असता.