कमांड न लिहिता जनुकीय डेटाचं विश्लेषण: गॅलक्सी कसं वापरावं

सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम वाचून मिळालेला, डेटा हातात पडतो तो कित्येक जीबींच्या फास्टक्यू फाइल्सच्या (असे क्रम साठवणाऱ्या मजकूर-फाइल्सच्या) रूपात. एक्सेलला तो झेपत नाही, आणि लिनक्सच्या काळ्या खिडकीत कमांड लिहायला जीवशास्त्राच्या वर्गात कुणी शिकवलेलं नसतं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात 2005 साली सुरू झालेला गॅलक्सी हा मुक्त प्रकल्प नेमका इथे कामी येतो. ब्राउझर तुमचा, आकडेमोड दूरच्या सर्व्हरवर, आणि तीही फुकट.

आधी यूजगॅलक्सी डॉट ऑर्ग किंवा जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून चालणाऱ्या यूजगॅलक्सी डॉट ईयूवर खातं काढा. रुग्णांचा डेटा असेल तर इथेच थांबा. सार्वजनिक सर्व्हर त्यासाठी नाहीत.

आत गेल्यावर डावीकडे टूल्स, मधे फॉर्म, उजवीकडे हिस्ट्री, म्हणजे तुमच्या फाइल्स आणि निकालांची यादी. हिस्ट्रीला लगेच नाव द्या, नाहीतर महिन्याभरात ‘अननेम्ड हिस्ट्री’ची रांग लागते आणि कुठली कशाची ते कळेनासं होतं.

मग फाइल चढवा. डेटा एसआरए या सार्वजनिक संग्रहातला असेल तर तो आधी लॅपटॉपवर उतरवून परत चढवण्याचा उपद्व्याप करू नका. ‘फास्टर डाउनलोड अँड एक्स्ट्रॅक्ट’ या टूलला एसआरआरने सुरू होणारा क्रमांक दिला की सर्व्हर स्वतःच फाइल आणतो. हॉस्टेलच्या वायफायवर असणाऱ्यांनी तर हे आधी शिकावं.

पहिलं टूल फास्टक्यूसी, म्हणजे डेटाचा दर्जा कळतो. ‘रन’ दाबल्यावर हिस्ट्रीतला चौकोन राखाडी असेल तर काम रांगेत आहे, पिवळा म्हणजे चालू, हिरवा म्हणजे झालं, लाल म्हणजे फसलं. लाल दिसला की त्यातला बगचा आयकॉन दाबून एरर वाचा. काम रांगेत लागल्यावर लॅपटॉप बंद केला तरी चालतं. लॅपटॉपवरची फाइल चढत असताना मात्र नाही.

नवशिक्यांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट वेगळीच: फाइल हिस्ट्रीत दिसते, पण टूलच्या यादीत येत नाही. बहुतेक वेळा डेटाटाइप, म्हणजे फाइलचा नोंदवलेला प्रकार, चुकलेला असतो. पेन्सिलच्या आयकॉनवर जाऊन तो तपासा. बऱ्याच टूल्सना नुसतं ‘फास्टक्यू’ नको, ‘फास्टक्यूसँगर’ हा त्याचा नेमका उपप्रकार हवा असतो.

जागा भरत आली तर नुसतं डिलीट पुरत नाही, पर्ज करावं, म्हणजे कायमचं पुसावं लागतं.

सगळं नीट जमलं की हिस्ट्रीच्या मेनूतून ‘एक्स्ट्रॅक्ट वर्कफ्लो’ निवडा. त्याच पायऱ्या पुढच्या नमुन्यांवर एका क्लिकमध्ये चालतात. प्रत्येक टूलची आवृत्ती आणि सेटिंग्ज हिस्ट्रीत नोंदलेली असतातच; शोधनिबंधातला पद्धतींचा भाग लिहिताना ती तिथूनच उतरवून घ्या, आणि गाइडना स्क्रीनशॉट पाठवत बसण्यापेक्षा हिस्ट्रीची लिंकच शेअर करा.