स्पर्धेचे एअर पिस्तूल छंदासाठी जुळवून घेताना या चुका टाळा

पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये मनू भाकर यांनी १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदक मिळवले आणि नाशिकमध्येही काही काळ प्रशिक्षण घेतलेले स्वप्नील कुसाळे रायफल प्रकारात पदकविजेते ठरले. तेव्हापासून नाशिकमध्ये केवळ आनंदासाठी नेमबाजी करू इच्छिणाऱ्यांचा एक वर्ग दिसू लागला आहे. यातील पुष्कळजण नवीन पिस्तूल न घेता एखाद्या खेळाडूने वापरलेले स्टेयर, वॉल्थर, मोरिनी किंवा फाइनवेर्कबाऊ या कंपन्यांचे पिस्तूल विकत घेतात. हा निर्णय योग्यच असतो, कारण चांगले ठेवलेले मॅच पिस्तूल वर्षानुवर्षे साथ देते. मात्र ते एका विशिष्ट माणसाच्या एका हातासाठी, १० मीटर अंतरासाठी आणि रेंजवरच्या स्थिर प्रकाशासाठी जुळवलेले असते. नव्या मालकाचा तळहात वेगळा असतो, डोळ्यांवर चष्मा असतो आणि बऱ्याचदा त्याला पिस्तूल दोन्ही हातांनी धरायचे असते. त्यामुळे बदल करावेच लागतात. ते कोणत्या क्रमाने करावेत, याविषयीच सर्वाधिक चुका होतात.

माझे मत स्पष्ट आहे. बदल आधी पकडीत करावेत, मग साइटमध्ये (नेम धरण्यासाठीच्या पुढच्या-मागच्या खुणांमध्ये) आणि सर्वांत शेवटी, तेही आवश्यक असेल तरच, ट्रिगरमध्ये. हवा सोडणारी यंत्रणा, हवेचा दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आणि बॅरल यांना हात लावूच नये. प्रत्यक्षात बहुतेक लोक नेमका उलटा क्रम धरतात.

सुरुवात ट्रिगरपासून करणे

मॅच पिस्तुलाचा ट्रिगर अतिशय हलका लागतो, म्हणून तो आणखी हलका केला की नेम सुधारेल, असा समज सर्वत्र आढळतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचे वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असावे लागते. हा आकडा रोज सराव करणाऱ्या खेळाडूंसाठी आहे. आठवड्यातून एकदा पिस्तूल हाती घेणाऱ्याचे बोट तितके सावध नसते, त्यामुळे त्याने वजन कमी करण्याऐवजी थोडे वाढवावे. ६०० ते ७०० ग्रॅमच्या आसपास ठेवलेला ट्रिगर छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्याला अधिक विश्वासू वाटतो, असे माझे निरीक्षण आहे.

ट्रिगरवरील प्रत्येक स्क्रूचे काम वेगळे असते. एक स्क्रू पहिल्या टप्प्याचे वजन ठरवतो, दुसरा त्या टप्प्याचे अंतर ठरवतो, तिसरा शॉट सुटतो त्या बिंदूचे वजन ठरवतो आणि चौथा शॉटनंतर ट्रिगर किती मागे जाईल ते रोखतो. हा शेवटचा स्क्रू जास्त आवळला, तर ट्रिगर शॉट सुटण्याआधीच अडतो आणि ‘पिस्तूल कधी चालते, कधी चालत नाही’ अशी तक्रार सुरू होते. अशा वेळी काहीही उघडण्याआधी तो स्क्रू पाव फेरा सैल करून पाहावा. याउलट आतील खटक्याची पकड कमी करणारा स्क्रू फिरवला गेला असेल, तर पिस्तूल कॉक करताना (शॉटसाठी सज्ज करताना) किंवा किंचित धक्का लागल्यावर शॉट सुटू शकतो. असे एकदा जरी घडले, तरी पिस्तूल त्याच क्षणी बाजूला ठेवावे आणि माहितगार माणसाने तपासल्याशिवाय त्यात छर्रा भरू नये. कंपनीने रंगाचा ठिपका लावून बंद केलेले स्क्रू फिरवू नयेत. इतर कोणताही स्क्रू फिरवण्याआधी मूळ स्थिती वहीत लिहून ठेवावी, उदाहरणार्थ, ‘पूर्ण आवळल्यापासून अडीच फेरे बाहेर’. ही नोंद नसली, की परतीची वाट उरत नाही.

वजन मोजण्यासाठी रेंजवरील पद्धत घरीही वापरता येते. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करावी, ते कॉक करावे, बॅरल सरळ वर धरावे आणि ट्रिगरवर टांगलेले ठरावीक वजन जमिनीवरून हळूहळू उचलावे. खटका न सुटता वजन वर आले, तर ट्रिगर त्या मापात उतरला असे समजावे.

ज्या पिस्तुलांत इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असतो, त्यांच्या बाबतीत तर स्वतः दुरुस्ती करण्याचा मोह पूर्णपणे टाळावा. बॅटरी बदलणे आणि जोडणी स्वच्छ आहे का ते पाहणे, एवढेच आपले काम आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली पात्रता फेरीदरम्यान मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला होता आणि ५७५ गुणांवर त्यांची अंतिम फेरी हुकली होती. संपूर्ण संघ आणि तंत्रज्ञ जवळ असतानाही अशा बिघाडाची किंमत मोजावी लागत असेल, तर सुटे भाग परदेशातून मागवावे लागणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती यंत्रणा उघडणे शहाणपणाचे नाही.

पकड एका बैठकीत घडवणे

पकड हा या सगळ्याचा गाभा आहे. पकड बिनसली, तर साइट कितीही फिरवली तरी पुंजका (कागदावरील छर्र्यांच्या छिद्रांचा समूह) जागेवर येत नाही, कारण प्रत्येक शॉटला मनगट पिस्तुलाला नव्याने सरळ करत राहते.

आधी परीक्षा घ्यावी. रिकामे पिस्तूल हातात घट्ट बसवावे, डोळे मिटावेत, हात नेहमीच्या उंचीवर न्यावा आणि डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या खाचेत मध्यभागी व समपातळीत दिसली, तर पकड जुळली आहे. पुढची साइट सतत खाली बुडालेली दिसत असेल, तर पकडीचा कोन बदलावा. ती सतत एका बाजूला दिसत असेल, तर पकड डावी-उजवीकडे किंचित वळवावी. अनेक मॅच पिस्तुलांत या दोन्ही गोष्टी अॅलन कीने करता येतात आणि लाकूड घासण्याची गरजच पडत नाही. ही परीक्षा वेगवेगळ्या दिवशी घेऊन उत्तर तेच येते का, हे पाहावे. थकलेला हात फसवतो.

त्यानंतरच कानस हाती घ्यावी. लाकूड एकदा घासले की परत येत नाही. म्हणून जिथे हाताला पोकळी जाणवते तिथे आधी लाकडाची पुट्टी भरावी आणि जिथे टोचते तिथेच, सँडपेपरने, थोडे थोडे काढावे. ट्रिगरचे बोट पकडीला अजिबात टेकू नये. ते पकडीला घासत असेल, तर ट्रिगर मागे ओढताना पिस्तूल बाजूला ढकलले जाते आणि उजव्या हाताने नेमबाजी करणाऱ्याचे छर्रे एका बाजूला सरकत राहतात. ट्रिगरचा पाता त्याच्या पट्टीवर पुढेमागे सरकवून बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग त्यावर सरळ येईल, असे करावे.

तळहाताखालचा टेकू एका हाताच्या पकडीसाठी बनवलेला असतो. दोन्ही हातांनी नेमबाजी करायची असेल, तर तो दुसऱ्या हाताच्या आड येतो. तो कापून टाकण्याची चूक करू नये. बहुधा तो एका स्क्रूने बसवलेला असतो, त्यामुळे तो काढून जपून ठेवावा. पुढे एका हाताने सराव करावासा वाटला किंवा पिस्तूल विकायचे झाले, तर मूळ भाग हाती असलेला बरा.

नाशिकच्या हवामानाची एक बाब येथे सांगितली पाहिजे. मे महिन्यातील कोरड्या उन्हात तंतोतंत घडवलेली लाकडी पकड जुलैच्या दमट हवेत किंचित फुगते आणि हाताला अनोळखी वाटू लागते. मोठी घडण पावसाळा सरल्यावर करावी, उघड्या लाकडाला तेलाचा पातळ हात द्यावा आणि पिस्तुलाच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. पावसाळ्यात पकडीचे स्क्रू न आवळता तपासावेत, कारण फुगलेल्या लाकडात ते जास्त आवळले तर तडा जातो.

दोष डोळ्यांचा, शिक्षा साइटला

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पुढची साइट पुसट दिसते, म्हणून तो साइट रुंद करतो, रंगवतो, शेवटी बदलतो. खरा उपाय चष्म्याच्या दुकानात असतो. हात ताणून पिस्तूल धरल्यावर डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंत किती अंतर पडते, हे मोजून नेत्रतपासनिसाला सांगावे. लांबच्या नंबरात साधारण +०.५० ते +०.७५ ची भर घातली, की पुढची साइट रेखीव दिसते आणि लक्ष्याचा काळा गोल थोडा धूसर राहतो. तो धूसरच असावा. त्यानंतरही अडचण वाटली, तर मागची खाच थोडी रुंद करावी, म्हणजे पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची फट स्पष्ट दिसते.

गच्चीवर ऊन एका बाजूने येत असेल, तर पुढच्या साइटची चकाकणारी कड नजरेला फसवते. साइट काढून तिच्यावर कापराची काजळी धरण्याचा जुना उपाय उत्तम आहे, परंतु ज्योत पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरपासून दूर, वेगळ्या खोलीत असावी.

रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साइट) बसवण्यास हरकत नाही, कारण स्पर्धेचे नियम आपल्याला लागू नाहीत. तथापि बसवण्यापूर्वी पिस्तुलावर ११ मिमीची खाचेची पट्टी आहे का, छर्रा भरण्याची जागा झाकली जात नाही ना, आणि वाढलेल्या वजनाने हात लवकर थकत नाही ना, हे पाहावे.

कमी अंतर आणि पूर्ण लक्ष्य

घरी १० मीटर जागा क्वचितच मिळते. ७ मीटरवर मूळ कागद लावला, तर गुण वाढतात पण नजर बिघडते. १० मीटरच्या लक्ष्याचा काळा गोल ५९.५ मिमीचा आणि दहाचे वर्तुळ ११.५ मिमीचे असते. ७ मीटरसाठी कागद ७० टक्के आकारात छापावा, म्हणजे काळा गोल सुमारे ४१.६ मिमीचा होतो आणि साइटच्या तुलनेत तेवढाच दिसतो. अंतर बदलल्यावर साइट पुन्हा जुळवावी लागते. मात्र ती एका शॉटवरून फिरवू नये. पाच शॉट मारावेत, पुंजक्याचा मध्य पाहावा आणि मग फिरवावी.

लक्ष्यामागे सपाट लोखंडी पत्रा उभा करणे ही धोकादायक चूक आहे, कारण शिशाचे तुकडे उलटून येतात. तिरप्या पत्र्याची किंवा पुट्टी भरलेली पेटी वापरावी, मागे भक्कम भिंत असावी आणि तेथे असलेल्या प्रत्येकाने डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा. छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

हवेशी खेळ

पुंजका उभा पसरत असेल, तर लोक बॅरलला दोष देतात. आधी सिलिंडरमधील दाब पाहावा. दाब रेग्युलेटरच्या मर्यादेखाली गेला, की छर्रे खाली खाली पडू लागतात. दाब पुरेसा असेल, तर बॅरलकडे जाण्यापूर्वी छर्रे बदलून पाहावेत. ४.४९ आणि ४.५० मिमी डोक्याच्या चपट्या मॅच छर्र्यांतील फरक कागदावर उघड दिसतो.

बहुतेक सिलिंडर २०० बारचे असतात आणि त्यांच्यावर तारीख कोरलेली असते. युरोपीय बनावटीच्या सिलिंडरची मुदत साधारणपणे १० वर्षे धरली जाते. जुने पिस्तूल घेताना ही तारीख सर्वांत आधी वाचावी. मुदत संपलेले सिलिंडर कितीही चकचकीत असले तरी भरू नये. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील वर्कशॉपमध्ये कुशल कारागीर सहज भेटतात आणि तोल साधण्यासाठी बॅरलखाली लावायचे छोटे वजन त्यांच्याकडून जरूर करून घ्यावे. परंतु सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह किंवा भरण्याचा जोड लेथवर चढवू नये. वेल्डिंगच्या दुकानातील ऑक्सिजन भरणे तर जिवावर बेतू शकते. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि आतील ग्रीस एकत्र आले की स्फोट होतो. त्यात कोरडी, स्वच्छ हवाच भरावी. हातपंप वापरत असल्यास पावसाळ्यात मधे मधे थांबून ओल बाहेर काढावी. सीलना मशीनचे तेल लावू नये, कंपनीने सांगितलेले सिलिकॉन ग्रीसच वापरावे.

कायद्याची मर्यादा

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमीपर्यंत बोअर (बॅरलचा आतील व्यास) आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलासाठी परवाना लागत नाही. मॅच पिस्तूल या मर्यादेच्या बरेच आत असते. ताकद वाढवण्याच्या नादात ही मर्यादा ओलांडली, तर छंद गुन्ह्यात बदलतो, आणि कागदावरील नेमाला त्या जादा ताकदीचा काडीचाही उपयोग नसतो. पॉइंट टू टू सारखे बारूदाचे स्पोर्ट पिस्तूल हा पूर्णपणे वेगळा विषय आहे. त्याची दुरुस्ती किंवा फेरबदल करण्यासाठी शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना लागतो, म्हणून ते परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच न्यावे. एअर पिस्तूल रेंजवर नेताना ते रिकामे, कुलूपबंद पेटीत आणि खरेदीच्या पावतीसह न्यावे. बॅरलमधून रंगीत दोरा बाहेर काढलेला असावा, म्हणजे आत छर्रा नाही हे पाहणाऱ्याला लगेच कळते.