हरळी नेमकी कशी ओळखावी

नुसता तुरा बघून हरळी ठरवू नका, फसगत तिथेच होते. एका बिंदूतून बोटांसारखी फुटलेली कणसं इतरही गवतांना येतात. हरळीची साधारण 3 ते 6, बारीक, 2 ते 6 सेंमी लांब. कणसाच्या टोकाला दाणे नसलेली उघडी अणी दिसली, तर ती हरळी नव्हे.

आता गवत उपटून बघा. सहज निघणार नाही: धावती खोडं पेरापेराला मुळं धरतात, शिवाय जमिनीखाली पांढरट, खवलेदार खोड असतं. (तुटका तुकडा तिथेच टाकू नका, पुन्हा फुटतो.) एकाच जागी वाढलेला, बुडाशी चपटा ठोंब म्हणजे दुसरंच गवत.

शंका उरलीच तर पातं मागे ओढून ते खोडाला जिथे जुळतं तो सांधा भिंगातून पाहा. हरळीत आखूड पांढऱ्या केसांची झालर असते, पापुद्रा नाही.