द्विशिक्षकी शाळेत वाचन आणि गणित कसे घ्यावे

कोकण किनाऱ्यावरील वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत अनेकदा दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असतात. अशा शाळेत इयत्तेचा पाठ संपवण्यापेक्षा मूल कुठे अडते ते पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. जूनमध्येच प्रत्येक मुलाला एकटे जवळ बसवून अक्षरे, सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि छोटी गोष्ट या क्रमाने वाचायला द्यावी, आणि जिथे ते अडखळेल त्या पातळीच्या गटात, इयत्ता कोणतीही असो, त्याला रोज तासभर बसवावे. गट महिन्याने बदलावेत. एरवी ‘कच्च्यांची रांग’ कायमची होते. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत गणित यावे, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्टही याच वाटेने गाठता येईल.

सिंधुदुर्गात एखादे मूल ‘मला’ हा शब्द ‘माका’ असा वाचते. त्याला अर्थ कळलेला असतो, म्हणून रागावू नये. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून छापलेली अक्षरे बोटाने दाखवून घ्यावीत.

गणितात खरी अडचण संख्यानामांची असते. ‘तेवीस’ म्हणताना एकक आधी ऐकू येतो, म्हणून मूल ३२ लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येते, म्हणून ३९ लिहिते. २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस तीन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा मोठा वाद झाला. माझ्या मते ती रूढ नावांच्या जोडीने, काही आठवड्यांपुरती, फार उपयोगी पडते. त्यासाठी नारळाच्या झावळीचे हीर सारख्या लांबीचे तोडून दहा-दहाचे गठ्ठे बांधावेत. तेवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि तीन सुटे हीर, हे हाताला कळल्यावरच अंक लिहायला द्यावेत. ४२ मधून १७ वजा करताना मुलाने स्वतः एक गठ्ठा सोडावा आणि बारा सुट्या हिरांतून सात काढावेत. फळ्यावरचा ‘हातचा’ त्यानंतर दाखवावा.

मोठ्या मुलांचे अपूर्णांक समुद्रावर सोडावेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा कोळीवाड्यातला जुना हिशेब आहे: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पंचमीला पावणेचार. घरच्या माणसांना विचारून मुलांनी प्रत्यक्ष वेळ शेजारी लिहावी आणि दोन्हींतील फरक काढावा. ती थोडी पुढेमागे असतेच. मात्र या वजाबाकीत सुटणारा गठ्ठा दहाचा नसून साठ मिनिटांचा असतो, हे आधी सांगून ठेवावे.